पॉलिशच्या चाकावरची जागा

सोमवारी सकाळी सात वाजता वेंदेलिनने ओढ्याच्या पाटाचे दार उघडले, पाणचक्की फिरू लागली आणि कारखान्यातले पट्टे नेहमीप्रमाणे करकरले. बोहेमियातल्या त्या डोंगरी गावात काचेला पैलू पाडणे हे पुरुषांचे काम आणि त्या पैलूंना चकाकी देणे हे सुनांचे. सासूचा हात थकला की तिचे स्टूल सुनेला मिळे. गाव याला मान म्हणत असे.

वेंदेलिनच्या बायकोचा, ब्लाझेनाचा, हात थकला नव्हता; तो मनगटातून लोंबू लागला होता. अठ्ठावीस वर्षे ती शिसे आणि कथिल यांच्या राखेचा ओला लगदा बोटांनी चाकाला लावत होती आणि त्याच बोटांनी पाव मोडून खात होती. त्यावर गावाने एक उपाय शोधला होता: रोज पेलाभर दूध. दुधाने शिशाचे विष उतरते याचा पुरावा कोणी मागितला नव्हता. दूध पिऊनही ज्या गेल्या, त्यांची मोजणीही कोणी ठेवली नव्हती.

"ये पोरी, बैस," वेंदेलिन सुनेला म्हणाला. "प्रागच्या प्रदर्शनाची फुलदाणी आहे. आजपासून ही जागा तुझी."

हेदविकाला पाचवा महिना लागला होता. ती दाराजवळच्या बाकावरून हलली नाही. "मामंजी, बाळंतपण झाल्यावर बसले तर नाही का चालणार?"

"बाळंतपण झाल्यावर म्हणे! तोवर फुलदाणीला काय पाळण्यात घालून झोके देऊ?"

तिचा नवरा ओतोमार पैलूच्या चाकावरून हसला. "घाबरतेस काय एवढी? आईनं केलंच ना? मी आहेच की धडधाकट तुझ्यासमोर."

"तू कसा जगलास ते ठाऊक आहे का तुला?" ब्लाझेनाने विचारले.

"मेरीमातेची कृपा, दुसरं काय!" वेंदेलिनने परस्पर उत्तर दिले. "अनवाणी डोंगर चढून गेली होतीस तू."

"चारही वेळा गेले होते." तिचा आवाज चढला नाही. "एकोणीसशे दोन साली मुलगी झाली, ती मेलेलीच. चाक चालू होतं. सहा साली मुलगा, तोही तसाच. चाक चालू. नऊ साली पुन्हा तेच. मधे चार साली दुष्काळ पडला, ओढा आटला, वसंतापासून चाक हललं नाही. त्या नाताळात हा झाला. मेरीमाता चारही वेळा तीच होती, अहो. बदललं होतं ते फक्त चाक."

चार उदाहरणे शास्त्राला थोडी वाटतील. परंतु तीन प्रेते पुरल्यावरही जो पाचव्या उदाहरणाची वाट पाहतो, त्याला शास्त्रज्ञ म्हणत नाहीत.

ओतोमारने आपले चाक थांबवले. त्याच्या चेहऱ्यावर हसू उरले नव्हते.

"डॉक्टरीण झालीस वाटतं!" वेंदेलिन गरजला. "अख्ख्या गावातल्या बायका बसतात."

"मग चर्चमागं जा आणि तान्ह्यांच्या थडग्यांवरचे हातभर लांबीचे क्रूस किती आहेत ते मोजून या."

"तोंड आवर! ऊठ सूनबाई, बैस त्या स्टुलावर."

हेदविका उठली, तेवढ्यात ब्लाझेना मधे आली. बोटांत जोर नव्हता, म्हणून तिने कोपराने स्टूल लोटून दिले. "ही बसणार नाही. आजपासून मीही बसणार नाही."

"आणि चकाकी कोण देणार?"

"ज्याला हवी त्यानं."

ओतोमार उठला आणि बायकोला हाताला धरून बाहेर घेऊन गेला. ब्लाझेना त्यांच्या मागोमाग गेली.

वेंदेलिनने स्टूल सरळ केले आणि तो स्वतः त्यावर बसला. एवढ्याशा लगद्याने माणूस मरत नाही, हे तो तीस वर्षे सर्वांना सांगत आला होता. त्याने फुलदाणी उचलली, भांडे जवळ ओढले, बोटे लगद्यापर्यंत नेली आणि तेथेच थांबवली. चाक रिकामेच फिरत राहिले.

मग दाराकडे तोंड करून त्याने हाक मारली, "अगं, घरात हातमोजे आहेत का कुठे?"