मेलेला माणूस तिसऱ्या रिळात

मेलेला माणूस शिट्टी वाजवत जिना उतरताना दिसला आणि प्रोजेक्टरच्या खोलीत जावयाला दरदरून घाम फुटला. अरे देवा! ह्याला तर आत्ताच माशांच्या काचपेटीआडून गोळी घातली होती, पांढराशुभ्र कोट लाल झाला होता. आणि आता तोच कोट, तीच टोपी, वर ऐटीत सिगारेट पेटवतोय!

जावई फिल्म क्लबचा ऑपरेटर आणि सासूबाई सेक्रेटरी. "घरचा माणूस चिकटवला," असं सभासद तोंडावर म्हणाले, तरी सासूबाईंनी त्यालाच मशीनवर बसवलं होतं. ही जपानी खुन्यांची फिल्म त्यांनी कॉलेजात असताना एकदाच पाहिलेली, तेव्हापासून जीव तिच्यात अडकलेला. साऱ्या जगाच्या हातापाया पडून आज ती एका दिवसापुरती मिळाली होती.

"डब्यावर विश्वास ठेवू नका हो. रिळाची पट्टी उजेडात धरून आकडा बघा," असं त्यांनी सकाळीच बजावलं होतं. पण ह्या शहाण्यानं डबेच बघितले. आधीच्या क्लबवाल्यांनी तिसरं आणि चौथं रीळ अदलाबदल करून कोंबलेलं. झालं! चौथं आधी लागलं, आणि आता तिसरं चाललं होतं.

बंद करावं? दिवे लागले की सासूबाईंचं हसं होणार. चालू ठेवावं? त्यांच्या फिल्मचं वाटोळं होणार. तो बसला, उठला, पाणी प्यायला, पुन्हा उठला. चौकोनी झरोक्यातून खाली बघितलं. सासूबाई पुढच्या रांगेत ताठ बसल्या होत्या, जरासुद्धा हलत नव्हत्या. त्यांना कळलं असणारच. "गाढवा, गाढवा," असं स्वतःला म्हणत तो खोलीत येरझाऱ्या घालू लागला. पडद्यावर घर पेटलं होतं आणि बाई निवांत नखं रंगवत होती. त्याला तिचा भयंकर राग आला.

फिल्म संपली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. आजवर सासूबाईंच्या फिल्मना 'झोपेच्या गोळ्या' म्हणणारे अध्यक्ष चक्क उभे राहिले. "मेलेला माणूस परत येतो! वा, काय डोकं आहे! बाई, अशाच आणत जा!"

सासूबाईंनी हात जोडले. सगळ्यांचं कौतुक ऐकून घेतलं, शेवटच्या माणसाला दारापर्यंत सोडलं, आणि मग त्या जिना चढून वर आल्या.

"आई, चुकलं माझं," जावई मान खाली घालून म्हणाला. "मी जाऊन सगळ्यांना सांगतो."

"काही गरज नाही. पहिल्यांदाच जागे राहिलेत बिचारे." त्या हसल्या, पण डोळे भरले होते. ते त्यांनी पदरानं पुसले आणि स्टूल ओढून झरोक्याशी बसल्या.

"त्यांनी तुमची फिल्म पाहिली, जावईबापू. आता रिळं परत गुंडाळा, खालचं दार लावा, आणि मला माझी दाखवा."