अंग पुसण्याचं काम

तेजश्रीला आईचा फोन आताशा नकोसा वाटायला लागला होता. "जेवलीस काय गो?" झालं की बनुबाईंचा दुसरा प्रश्न ठरलेला असे, "आज काय काम केलंस?" आणि नेमकं तेच तिला सांगता येत नव्हतं.

"इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं. नर्सला दुसरं काय असतं?" असं म्हणून ती विषय बदलायची. मग तिकडे गावी, कुडपणला, बनुबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसायच्या, "माझी तेजू जर्मनीत मोठी सिस्टर हाय. डाक्तर तिला इचारून औषध देतात!"

तेजश्रीने महाडच्या एका खासगी इस्पितळात सहा वर्षं नर्स म्हणून काढली होती. नोकरी सांभाळून तिने जर्मन भाषेच्या परीक्षा दिल्या आणि दसऱ्यानंतर ती दक्षिण जर्मनीतल्या एका लहानशा शहरात, तिथल्या इस्पितळात रुजू झाली. सगळंच नवं होतं. रस्त्यावर माणूस दिसत नसे, दिसला तरी बोलत नसे. रविवारी दुकानं बंद असतात हे तिला पहिल्या रविवारीच कळलं, घरात चहापावडरीशिवाय काही नव्हतं तेव्हा. दह्याच्या डब्याचं झाकण दुसऱ्याच प्रकारच्या कचऱ्याच्या पेटीत टाकलं म्हणून शेजारच्या म्हातारीने दार वाजवून ते परत तिच्या हातात ठेवलं. संध्याकाळी साडेचारला अंधार आणि जेवायला गार पाव. इमारतीचा जिना दर आठवड्याला एका घराने झाडून पुसायचा, अशी तिथली रीत. वरच्या मजल्यावरचे न्यायाधीश एका शनिवारी बाह्या सरसावून पायऱ्या पुसताना दिसले, तेव्हा ती खालीच थबकली. त्यांनी मात्र नेहमीसारखा नमस्कार केला आणि बादली बाजूला घेतली.

पण खरा धक्का बसला तो वॉर्डात. मुख्य नर्स हिल्डेगार्ड, साठीला टेकलेली उंच बाई, तिने पहिल्याच सकाळी कोमट पाण्याचं भांडं, दोन टॉवेल आणि हातमोजे तेजश्रीच्या हातात दिले.

"सहा नंबरचे फोगल आजोबा. डायपर बदलायचा, अंग पुसायचं, मग नाश्ता भरवायचा."

तेजश्रीने व्हरांड्यात दोन्हीकडे पाहिलं. "हे काम करणारी बाई कुठे आहे?" तिने तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये विचारलं.

"ती तूच," हिल्डेगार्ड म्हणाली. हसली नाही, रागावलीही नाही.

महाडला "मावशी, चार नंबर!" अशी हाक मारली की तेजश्रीचं काम संपायचं. मावशी म्हणजे सुंदराबाई. सव गावच्या बौद्धवाडीतून सकाळच्या एसटीने येणाऱ्या. त्या भांडं घेऊन पडद्याआड जायच्या, तेव्हा सिस्टर लोक नाकाला रुमाल लावून पुढच्या खाटेकडे वळत. आता पडद्याआड तेजश्रीच होती. फोगल आजोबांनी तिचा सावळा हात पाहिला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या दिवशी कपडे बदलण्याच्या खोलीत ती बाकावर बसून रडली. याचसाठी का एवढी शिकले?

दिवस असेच जात राहिले. पाठ दुखायची, हाताला साबणाचा वास कायमचा बसला. एकदा हिल्डेगार्डने तिला बाकावर तशीच बसलेली पाहिलं आणि शेजारी टेकली.

"तुला हे काम हलकं वाटतं, नाही का? मी पस्तीस वर्षं करते आहे. माणसाचं अंग पुसताना कळतं, पाठीची कातडी लाल झाली आहे का, पाय सुजलाय का, त्याला धाप लागते का. ते फायलीत लिहिलेलं नसतं. आणि जिने माणसाची पाठच पाहिली नाही, ती कसली नर्स?"

तेजश्रीला सुंदराबाई आठवल्या. महाडला एकदा सुंदराबाई म्हणाल्या होत्या, "सिस्टर, चार नंबरच्या आजोबांच्या पाठीला लाल झालंय. जरा बघता काय?" आणि ती फटकन म्हणाली होती, "मावशी, तुम्ही तुमचं काम करा. ते बघायला आम्ही आहोत." पुढच्या आठवड्यात त्या आजोबांच्या पाठीला मोठी जखम झाली.

जानेवारीत बनुबाई उतारावर घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. महाडच्या त्याच इस्पितळात शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी भावाचा, प्रवीणचा, व्हिडिओ कॉल आला. तेजश्री नुकतीच ड्युटीवरून आली होती, अंगातला कोटही काढला नव्हता.

"तेजू, तुझ्या वळखीच्या सिस्टरला सांग!" बनुबाई ओरडत होत्या. "त्या बाईने मला हात लावायचा नाय. मी तिच्या हातचं पानी पन पेनार नाय!"

"का गं आई?"

"का काय? ती कुठली हाय, तुला ठावं नाय?"

त्यांच्या मागे, हातात भांडं धरून, सुंदराबाई उभ्या होत्या. प्रवीणने मान खाली घातली.

एका सिस्टरला फोन करून बाई बदलून घेणं तेजश्रीला सहज जमलं असतं. ती इतकी थकली होती की वाद नकोच वाटत होता. पण ती तशीच खुर्चीत बसली आणि म्हणाली, "आई, आज सकाळपासून मी चार माणसांचं हागमूत काढलं."

बनुबाईंनी मान वर उचलून फोनकडे पाहिलं.

"चार महिने तुझ्याशी खोटं बोलतेय मी. हिथं मावशी नसते. हिथं मीच मावशी. आता माझ्या हातचं पानी पेशील?"

"तुला कशाला असलं करायला लावतात? तू काय त्या..."

"त्या काय? बोल ना पुढं!" तेजश्रीचा आवाज चढला. "पहिल्या दिवशी एका म्हाताऱ्याने माझा हात बघून तोंड फिरवलं, आई! तुझ्या लेकीचा हात त्याला चालला नाही! मला काय वाटलं असेल? तेच तू आता त्या बाईला करतेयस. आणि सहा वर्षं मी केलं!"

मग सुंदराबाईच पुढे आल्या. "सिस्टर, फोन आवरा आता. पानी गार होतंय."

"मावशी, मला माफ करा. त्या आजोबांच्या पाठीचं..."

"आठवतंय मला." त्यांनी खाटेशेजारी भांडं ठेवलं. "मी उपकार करत नाय, पगार घेते. पन सहा वर्षं एका वार्डात होतो आपन. माझं आडनाव ठावं हाय तुम्हाला?"

तेजश्रीला माहीत नव्हतं. "नाही, मावशी. सांगा."

"साळवी. आनि ह्यांच्या टाचेला लाल व्हायला लागलंय. सकाळपास्नं दोनदा सांगितलं, कोन ऐकत नाय."

"प्रवीण, आधी सिस्टरला बोलव! टाच दाखव त्यांना. आणि साळवी मावशींना कॅमेऱ्यासमोर येऊ दे, मला नीट सांगू देत."

सिस्टर आली, टाच पाहिली, ती गादीला टेकू नये म्हणून पोटरीखाली उशी दिली. जखम व्हायची वाचली. बनुबाई डोळे मिटून पडल्या होत्या. मग डोळे उघडून सुंदराबाईंना म्हणाल्या, "तोंड सुकलंय गो, बाय. जरा पानी दे."

सुंदराबाईंनी पेला त्यांच्या ओठांना लावला. विशेष काही घडलंय असं त्यांनी दाखवलं नाही, आणि मग टॉवेल पिळायला घेतला.

त्या आठवड्यात तेजश्रीने महाडच्या जुन्या मैत्रिणींना कळवलं, की पाळी बदलताना रुग्णांची माहिती देता, तेव्हा मावशींनाही सोबत उभं करा आणि त्यांनी काय पाहिलं ते विचारा. दोघींनी उत्तर दिलं नाही, एकीने थट्टा केली. श्रुतिका नावाच्या नव्या नर्सने मात्र सुरुवात केली. एका वॉर्डात, एका पाळीला. तेवढंच.

वाचकहो, ज्यांच्या कामावाचून आपला एक दिवस भागत नाही, त्यांना जातीवरून किंवा कामावरून कमी लेखणं हा अन्याय आहे. तो तेजश्रीच्या ध्यानात यायला तिला परमुलखात जाऊन तेच भांडं हातात घ्यावं लागलं. आपण इतक्या लांब जायची वाट पाहू नये. इस्पितळात, शाळेत, कचेरीत आपली घाण काढणाऱ्या माणसाला उद्या त्याचं पूर्ण नाव विचारा, आणि तो माणूस काही सांगत असेल तर थांबून ऐका.