वरच्या काकांचा उजवा हात

बारक्याने नाटकाचा विषय घेतला तो नाटकाच्या प्रेमापोटी नाही, गणिताच्या भीतीपोटी. पदवीला एकच विषय उरला होता. ऑनलाइन कॉलेजच्या यादीत तीन पर्याय होते आणि त्यातल्या 'रंगभूमीची ओळख' या एकट्याला लेखी परीक्षा नव्हती. पदवी मिळाली की कारखान्याच्या डिस्पॅचमध्ये तो हंगामीचा कायम होणार होता, साहेबांनी तसं तोंडी सांगितलं होतं. त्याच लालसेनं कारखान्यातले आणखी चार-पाच जण त्या कॉलेजात शिकत होते.

सर शनिवारी फोनच्या पडद्यावर यायचे. कॅमेरा कुठे धरायचा हे त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही, तासभर नुसतं कपाळ आणि भुवया दिसायच्या. पण बोलायचे झकास. पहिल्या तासाला बारक्या बटाटे सोलत बसला होता. तिसऱ्या तासाला वही घेऊन बसला. आवडायला लागलं होतं त्याला, आणि त्याची त्यालाच लाज वाटत होती.

शेवटचं काम कपाळानं असं दिलं: "घरातलं एक माणूस आठवडाभर बघा. नक्कल नकोय, नक्कल शाळेतली पोरंही करतात. प्रत्येक माणूस काहीतरी लपवत असतो. कसं लपवतो, तेवढं पकडा. बाकीचं माणूस आपोआप मागे येतं." पाच मिनिटं, एका दमात, एकही शब्द न बोलता. सगळ्यांचे व्हिडिओ सगळ्यांना दिसणार, आणि प्रत्येकानं दोघांवर अभिप्राय लिहायचा.

घरात माणसं दोनच. आईचं काही लपायचं नाही, पोटात आलं की ओठात. मग राहिले बाबा.

बाबा त्याच कारखान्यात क्रेनवर होते. चाळीस फुटांवर काचेच्या केबिनमध्ये बसायचं आणि लोखंडी तुळया या टोकाहून त्या टोकाला न्यायच्या. एकतीस वर्षं. खाली त्यांना नावानं कोणी ओळखत नव्हतं, सगळ्यांचे ते वरचे काका. तुळई यायला उशीर झाला की पोरं म्हणायची, "वरच्याच्या मनात येईल तेव्हा येईल." निवृत्तीला अकरा महिने होते. आई कॅलेंडरवर फुल्या मारत होती.

बारक्या बघायला लागला. खरं सांगायचं तर सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच बघायला लागला. बाबा चहा अर्धाच कप घेतात हे त्याला माहीत होतं, पण दोनदा घेतात हे आत्ता दिसलं. पेपर टेबलावर पसरून वाचतात, हातात धरत नाहीत. शर्टाची वरची बटणं आई लावते. जेवताना उजवं कोपर टेबलावर रोवलेलं. आणि जेवण झालं की तो हात मांडीखाली. वहीत एकोणीस गोष्टी झाल्या. का, हे मात्र त्यानं एकदाही लिहिलं नाही. त्याला वाटलं, वय झालं की माणसाला लकबी लागतात.

शनिवारी बाबा पाळीवर गेल्यावर त्यानं त्यांचं जुनं पिवळं हेल्मेट डोक्यावर चढवलं, स्टुलावर बसला आणि हवेतले दांडे ओढायला लागला. आई कपड्यांची चळत घेऊन आत आली.

"हे काय चाललंय?"

"बाबा."

ती त्याच्या हाताकडे बघत राहिली. "दुसऱ्या कुणाचं कर. माझं कर."

"तुझं? पाच मिनिटं बोलायचं नाहीये, आई. तुला पाच सेकंद जमणार नाही."

एरवी पाठीत धपाटा बसला असता. "मग मामाचं कर. त्याच्या ढेरीचं कर."

"मामा आपल्या घरात राहतो का? आणि सहाच्या आत पाठवायचंय."

"बाबांना विचारलंस?"

"बघतील तेव्हा खूशच होतील."

आई दारात थांबली. "अकरा महिने," ती म्हणाली. "अकरा महिने थांब रे."

"पदवी थांबते का?"

पुढचं तिला सांगता येत नव्हतं. नवऱ्याला तिनं शब्द दिला होता. ती काहीतरी लपवतेय हे बारक्याला दिसलं. तीन महिने तो तेच बघायला शिकत होता. पण चार वाजले होते. त्यानं कानाडोळा केला आणि फोन खिडकीत उभा केला.

व्हिडिओ सुरेख झाला. कोपर कमरेला घट्ट, दांडा हळूच पुढे, मग हात सुटतो, बोटं थरथरतात, माणूस इकडेतिकडे बघतो आणि हात मांडीखाली सारतो. सोमवारपर्यंत अकरा जणांनी कौतुक केलं. सरांनी लिहिलं, "असा हात मी बऱ्याच वर्षांत पाहिला नाही." सगळ्यात खाली कारखान्याच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं, तीही त्याच वर्गात होती, एवढंच विचारलं होतं: "हे कोण?"

बारक्याची छाती फुगलेली. त्यानं लगेच लिहिलं, "माझे बाबा. आपले वरचे काका."

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत तिनं त्याला दवाखान्यात बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"किती दिवसांपासून आहे?"

"काय?"

"हात."

"सवय आहे ती त्यांची."

"सवय नाही रे ती." ती खुर्चीत बसली. "इतकं हुबेहूब केलंस आणि तुला माहीत नाही?"

बारक्याला आईची अकरा महिन्यांची गोष्ट तेव्हा कळली. "मी काढून टाकतो व्हिडिओ."

"काढ. मी बघितलाय ना पण."

"सिस्टर, अकरा महिनेच राहिलेत."

"त्या क्रेनखाली चाळीस माणसं असतात. माझा भाऊ असतो. तू असतोस." तिनं टेबलावरचा कापूस उगाच डब्यात भरला. "नसता बघितला तर बरं झालं असतं, खरंच सांगते. तुझ्यावर लिहायचा माझा नंबरही नव्हता. मी आपली आवडला म्हणून दुसऱ्यांदा बघितला."

बुधवारी डॉक्टरांनी बाबांना दोन्ही हात समोर धरायला लावले आणि वर एक कोरा कागद ठेवला. कागद फडफडला. गुरुवारपासून बाबा गेटवर, खुर्चीत बसून पास बघायला. येणारे-जाणारे अजूनही "काय वरचे काका" म्हणत होते. सवयीनं.

व्हिडिओ कुणी केला हे डॉक्टरांनीच त्यांना सांगितलं होतं. बाबा आठ दिवस बारक्याशी बोलले नाहीत. आईनं तर शिव्याही दिल्या नाहीत, आणि ते जास्त जड गेलं. मध्येच निकाल आला. बारक्या वर्गात पहिला होता. त्यानं तो कुणाला दाखवला नाही.

रविवारी सकाळी बाबा टेबलाशी बसले आणि म्हणाले, "दाखव."

"काढून टाकला, बाबा."

"फोनमध्ये असेल."

होता. त्यांनी फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला आणि दोनदा बघितला. चेहऱ्यावर काही नाही.

"चुकलंय," ते म्हणाले. "आधी अंगठा हलतो. मग बाकीची बोटं. तू सगळी एकदम हलवलीस."

बारक्यानं फोन बंद केला.

"आणि हात लपवताना मी इकडेतिकडे बघत नाही. बघितलं की लोकांना कळतं." त्यांनी मांडीखालचा हात काढून टेबलावर ठेवला. दिवसाउजेडी, बारक्यासमोर. "बघ आता नीट. खाली काय बघतोस?"

बारक्यानं बघितलं. आधी अंगठा.

"वरून तुम्ही लोक दिसत नाही," बाबा म्हणाले. "नुसती हेल्मेटं दिसतात. मी मोजायचो. उचलायच्या आधी रोज मोजायचो." त्यांनी डाव्या हातानं साखरेच्या डब्याचं झाकण दाबून बसवलं. "गेल्या थंडीत एकदा हात सुटला. तुळई वीतभर खाली आली. मी सावरली. कुणाला कळलंही नाही."

आई कप घेऊन येत होती ती तिथेच थांबली. हे तिलाही माहीत नव्हतं.

"खाली किती जण होते?" बारक्यानं विचारलं.

"एकच. डिस्पॅचचं निळं हेल्मेट. मान वर करून माझ्याकडे बघून हात हलवत होता."

बारक्याला तो दिवस आठवेना. तो रोजच हात हलवायचा.

"तरी मी दुसऱ्या दिवशी वर गेलो," बाबा म्हणाले आणि हात परत मांडीखाली घेतला.