एकमताने

"पोट बिघडलंय," असे म्हणत मी युझेफाबाईंनी पुढे केलेली बशी परत सरकवली.

धडधडीत खोटे बोलले. त्यांच्या हातच्या केकसाठी मी दरवर्षी त्या दिवशी घरून उपाशीच यायची. एकोणीस मार्च, संत युझेफांचा दिवस, म्हणून आमच्या गिरणीच्या रंगखात्यात तो युझेफा विल्कबाईंच्या नावाचा दिवस, वाढदिवसासारखाच. बावीस वर्षे त्या भलीमोठी ताटली भरून ताज्या चीजचा केक आणत आणि नऊच्या आत ताटली चाटूनपुसून साफ होई. कोणी फुले आणी, कोणी काचेच्या पेल्यांत कॉफी ओती. यंदा दहा वाजून गेले तरी सुरी कोरडीच होती.

केकमध्ये काही वाईट नव्हते. दुपारी दोनला कँटीनमध्ये सभा होती आणि ती कोणासाठी भरवली आहे हे सगळ्यांना ठाऊक होते.

अडुसष्ट सालची ही गोष्ट. दहा दिवसांपूर्वी वॉर्सात विद्यार्थी रस्त्यावर उतरले, पोलिसांनी त्यांना बडवले आणि वर्तमानपत्रांनी सगळे खापर ज्यूंवर फोडले. ज्यू म्हणायचे नाही, झायोनिस्ट म्हणायचे, असा वरून आलेला शिष्टाचार. आमच्या वूच शहरात गिरण्यागिरण्यांतून सभा चालू झाल्या. एखाद्याला उभे करायचे. त्याने हजार मैलांवरच्या इस्रायलचा निषेध करायचा आणि पोलंडशी आपण इमानदार आहोत हे सांगायचे. सांगितले तर नोकरी कदाचित राहील, नाही सांगितले तर नक्की जाईल. युझेफाबाईंच्या पेन्शनला तीन वर्षे उरली होती. घरी कोणी नाही. होते ते सगळे बेचाळीस साली जर्मनांनी गाडीत भरून छावणीकडे नेले.

रंग जुळवणे हे त्यांचे काम. रंगवलेल्या कापडाची चिंधी नमुन्याशेजारी धरून त्या खिडकीपाशी उभ्या राहायच्या. आम्हाला जिथे एक काळा दिसे तिथे त्यांना चार दिसत. त्यांनी मान हलवली की माल पुढे, नाही तर परत कढईत. त्या सकाळीही त्या चिंध्याच पाहत होत्या आणि मी समोर बसून टाचणीशी खेळत होते.

साडेदहाला बॉयलरवाला म्हातारा कास्पर आला. त्याने उभ्याउभ्या दोन तुकडे खाल्ले, मिशा पुसल्या आणि वाकून त्यांच्या हाताचे चुंबन घेतले.

"शंभर वर्षं जगा, युझेफाबाई."

"आधी दोन वाजेपर्यंत जगू दे मला, कास्पर."

तो हसला. आम्ही कोणी हसलो नाही.

सभेचे इतिवृत्त लिहायचे काम माझ्याकडे होते, कारण माझे अक्षर चांगले. गिरणीचे पक्षसचिव कॉम्रेड वाखोविच यांनी माझ्या हातात ठराव ठेवला. तो शहर कमिटीकडून टाइप होऊनच आला होता. झायोनिस्टांचा निषेध, विल्क यांना पदावरून दूर करण्याची कामगारांची मागणी, आणि खाली 'एकमताने मंजूर'. तारीख तेवढी भरायची ठेवली होती आणि त्याखाली इतिवृत्तासाठी जागा कोरी होती.

वाखोविच यांनी आधी अर्धा तास भाषण केले. आपण ज्यूंच्या विरुद्ध नाही, हे त्यांनी चारदा सांगितले. मग युझेफाबाईंना पुढे बोलावून म्हणाले, की मायदेश एकच असतो, तेव्हा त्यांनी सर्वांसमोर आपला कोणता ते सांगावे.

"सांगते की," युझेफाबाई म्हणाल्या. "सगळ्यांना विचारणार ना?"

"प्रश्न तुम्हाला आहे."

"मलाच का? यादी आहे ना तुमच्याकडे. अ पासून सुरू करा. माझा नंबर शेवटून तिसरा. तोवर मी थांबते, मला घाई नाही."

यादीत पहिले नाव माझे. औगुस्तिन्याक. सगळे कँटीन माझ्याकडे वळले. मी मान खाली घालून आधीच लिहून ठेवलेली तारीख पुन्हा गिरवली. त्या बाईचा मला राग आला, हे आज कबूल करते. स्वतः बुडतेय ती बुडतेय, मला कशाला ओढते, असे वाटले.

"इथल्या बाकीच्यांबद्दल कोणाला शंका नाही," वाखोविच म्हणाले.

"माझ्याबद्दल कधीपासून आली? आपल्या सोपोटच्या किनाऱ्यापलीकडे मी समुद्र पाहिलेला नाही. इस्रायल कुठं आलं ते मला नकाशात शोधावं लागेल."

मागून सूतखात्यातली एक बाई ओरडली, "आपल्या देशात जा!"

"आपल्याच देशात उभी आहे बाई. खुर्ची दिलीत तर बसेनही."

दोघेतिघे फसकन हसले. वाखोविच यांचे कान लाल झाले. मग त्यांनी ठेवणीतले काढले. म्हणाले, देशाचे राहू द्या, निदान आपले खरे नाव तरी सांगा. युझेफा हे आमच्या पोलिश बायकांचे नाव, ते कुठून उचलले?

आता मात्र कोणी हसेना. युझेफाबाई क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिल्या, नमुन्याशी न जुळणाऱ्या चिंधीकडे पाहत तशा.

"जन्माचं नाव हिंदा रायखमान," त्या म्हणाल्या. "लिहून घे गं, स्पष्ट अक्षरात लिही. आणि युझेफा विल्क ही एका धोबिणीची मुलगी. क्षयानं गेली. तिच्या आईनं तिचा बाप्तिस्म्याचा दाखला माझ्या हातात दिला आणि म्हणाली, माझी तर गेली, तू तरी जग या नावानं. जर्मनांनी त्या आईला पकडलं असतं तर तिथंच गोळी घातली असती. ती पोलिशच होती, कॉम्रेड. मी कोणाची कोण, हे मला विचारायला तिनं सभा नव्हती भरवली. दोन्ही नावं माझी आहेत. तुम्हाला तुमचं एक फुकट मिळालं, त्याचा एवढा काय तोरा?"

वाखोविच यांनी टेबलावर हात आपटला आणि ठराव मताला टाकला. ठरावाच्या बाजूने हात वर आले. आधी पुढच्या रांगेचे, मग मागच्यांचे, एकमेकांकडे बघत बघत. कास्पर हात खिशात घालून छताकडे पाहत होता. त्याच्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

"एकमताने मंजूर," वाखोविच म्हणाले.

"विरोधात कोण ते विचारलं नाहीत," युझेफाबाई म्हणाल्या आणि त्यांनी हात वर केला.

"तुमच्यावरच ठराव आहे. तुम्हाला मत नाही."

"सेहेचाळीस सालापासून मी या गिरणीची कामगार आहे. ठराव कामगारांचा आहे ना?"

सभा संपल्याचे जाहीर झाले. खुर्च्या सरकल्या, माणसे दाराकडे निघाली. युझेफाबाईंचा हात वरच. वाखोविच आपल्या भाषणाचे कागद गोळा करून निघून गेले. कँटीनच्या बायकांनी टेबले पुसायला घेतली, त्यांच्या भोवतीने फडकी फिरवली. त्या तशाच उभ्या. खांदा दुखत असावा, कारण काही वेळाने त्यांनी डाव्या हाताने उजव्या कोपराला आधार दिला.

"मी थांबलेय," त्या मला म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. कढईतला माल परत पाठवताना बोलायच्या तशाच बोलल्या.

मी 'एकमताने' हा शब्द खोडला. वर लिहिले, 'विरोधात : एक'. कागद त्यांच्यापुढे धरला. चष्मा घालून त्यांनी तो सावकाश वाचला, 'हिंदा' हे नाव नीट लिहिले आहे का ते पाहिले आणि मग हात खाली घेतला. कोटाची बटणे लावून त्या गेल्या.

तो कागद वर पोचण्याआधी कोणीतरी पुन्हा टाइप केला असणारच. त्याचे मला काही वाटत नाही. इतिवृत्त लिहिणाराने मत द्यायचे नसते आणि माझ्या हातात पेन होते, असे मी पुढे कितीतरी वर्षे स्वतःला समजावत राहिले. पेन खाली ठेवता आले असते.