बारा दांड्यांची गल्ली

१४ ऑक्टोबर २०११, दुपारी तीन वाजून वीस मिनिटे. रहाटाला दांडे बारा. धरायला माणसे पाच.

त्या पाचांत मिस्तरी आले. वय एकाहत्तर. तंत्रनिकेतनातून यंत्रविद्या शिकून आल्यापासून खाडीच्या तोंडावरचा सरकता लोखंडी दरवाजा तेच सांभाळत होते. उरलेल्यांत त्यांची विधवा वहिनी, जहाजांची शिडे शिवणारे दोघे म्हातारे भाऊ आणि शाळेच्या निवृत्त बाई. वादळी वाऱ्याने भरतीचे पाणी चढत होते आणि वीज गेली होती, त्यामुळे दरवाजाची मोटर मुकी झाली होती. अशा वेळी उभा रहाट हातांनी फिरवायचा, साखळी गुंडाळायची आणि दरवाजा रुळावरून ओढून खाडीचे तोंड बंद करायचे, ही गल्लीची जुनी रीत.

गेल्या वर्षी गल्लीत दोनदा पाणी शिरले, तेव्हा पालिकेने बजावले होते की आणखी एकदा शिरल्यास गल्ली राहण्यास अयोग्य ठरेल आणि पाचही जणांना टेकडीवरच्या वसाहतीत हलवले जाईल.

बारा दांडे म्हणजे बारा घरे. कोणी जहाजे बांधणारे, कोणी मीठ तोलणारे, कोणी दोर वळणारे. बंदर पलीकडच्या किनाऱ्यावर गेले आणि त्यामागे मुले गेली. घरे दुरून आलेल्या मालकांनी घेतली, रंगवली आणि कुलपे घालून सुट्टीपुरती ठेवली. काही वारसांच्या नावावर बंद पडली. उरलेल्या पाच घरांत एकेक माणूस राहिले. शहर नऊ लाखांवर पोहोचले. गल्ली मात्र आटत गेली. भिंतीपलीकडे, मासळी गोठवणाऱ्या कारखान्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये, परमुलखातले चाळीस मजूर अकरा वर्षे राहत होते. त्यांना गल्लीत कोणी मोजत नसे. ज्याचा दांडा, त्याची गल्ली. परक्याच्या हाती दांडा दिला की तो गल्लीचा झाला, त्याला मग नाही म्हणता येत नाही. म्हणून घराच्या होकाराशिवाय त्याचा दांडा कोणी धरायचा नाही.

मिस्तरींनी खिशातून फोन काढला.

"भाऊजी, हे काय चाललंय?" वहिनींनी विचारले.

"सात घरांना विचारतो. दांडे त्यांचे आहेत."

"त्यांचे! एकानं तरी कधी तेल लावलंय त्या दांड्याला? भिंतीपलीकडं चाळीस पोरं आहेत. मी हाक मारते."

"होकार येऊ द्या. आज रीत मोडली तर उद्या आपलेच लोक नावं ठेवतील."

"नावं ठेवायला उरलंय कोण?"

शिडे शिवणाऱ्यांपैकी थोरले म्हणाले, "मिस्तरी म्हणतात ते बरोबर आहे." धाकटे पाण्याकडे पाहत राहिले. वहिनी पायरीवर बसल्या. घरात थोरल्या माणसाचा शब्द मोडायची सवय त्यांना नव्हती, आणि आता मिस्तरीच थोरले होते.

पहिला फोन परदेशातल्या पुतण्याला लागला. "काका, मीटिंगमध्ये आहे. दांडा? तो गोल फिरवायचा? अजून आहे? फोटो पाठवा ना, मुलांना दाखवतो." दुसऱ्या घराचे नवे मालक म्हणाले, "गेटचं काय असेल ते वॉचमनला सांगा." गल्लीला वॉचमन नव्हता. तिसरा, चौथा. मिस्तरी प्रत्येकाला रुळापासून साखळीपर्यंत सारे क्रमाने समजावून सांगत होते.

"भाऊजी, पाणी रुळावर आलं," वहिनी म्हणाल्या. मग आवाज फुटला. "त्या टेकडीवरच्या खुराड्यात मला कोण ओळखणार आहे हो?"

सातांपैकी तिघांनी होकार दिला, दोघांना काही कळले नाही, दोन नंबर बंद होते. पाऊण तास संपला होता. मिस्तरींनी मोजपट्टीवर पाणी पाहिले आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. पाण्याची उंची दुप्पट झाली की दरवाजावरचा एकूण रेटा चौपट होतो, हे ते शिकाऊ मुलांना फळ्यावर काढून दाखवत असत.

"बोलवा," ते म्हणाले. "वहिनी, बोलवा त्यांना!"

वहिनींनी विटेने पत्रा बडवला. मजूर भिंतीवरून उड्या टाकत आले. पुढे त्यांचा मुकादम.

"आजी, कुठं धरायचं?"

"कुठंही धर बाबा. सगळे तुमचेच आहेत."

एकेका दांड्याला तिघे तिघे लागले. मिस्तरींनी ताल दिला. साखळी ताणली, दरवाजा करकरत निघाला, अर्ध्यावर आला आणि पाण्याच्या रेट्याने रुळाला घट्ट चिकटला. पुन्हा ताल. पुन्हा. कोणाचा पाय घसरला, कोणाच्या तळव्याची साल निघाली. दरवाजा हलला नाही.

मुकादम धापा टाकत म्हणाला, "मिस्तरी, तुम्ही जमलात तेव्हापासून आम्ही भिंतीआडून बघत होतो. म्हटलं, यांचं काहीतरी मानाचं काम असेल. हाक मारली असती तर तेव्हाच आलो असतो."

बाकीच्यांनी हात सोडले तरी मिस्तरी एकटे आपल्या दांड्यावर छाती टेकवून रेटत राहिले. शेवटी दोघांनी त्यांना ओढून बाजूला केले.

पाणी उंबरे ओलांडू लागले तसे मुकादमाने वहिनींना पाठीवर घेतले.

"मी काय मासळीची पेटी आहे का रे?"

"पेटी गप्प बसते, आजी."

वहिनी हसल्या, आणि त्याच्या खांद्यात तोंड खुपसून रडू लागल्या.

३१ ऑक्टोबर २०११, संध्याकाळी पाच. घरे बारा, कुलपे बारा. गल्लीत राहणारी माणसे : शून्य.