कुलपाने ऐकलेलं सरबत

मित्रांनो, मी सुतारकामाच्या दुकानाचं जुनं पितळी कुलूप. मला घडवणाऱ्याने माझ्या पोटात तेलाबरोबर थोडा संशयही सोडला असावा, कारण दाराशी येणारा प्रत्येक जण मला चोरच वाटे.

दुकान दोघांचं होतं. सुतारदादा शीख. खुर्च्या-कपाटं ते करत आणि त्यांचा भागीदार रंगारी त्यांना पॉलिश करी. मी नवं असताना दोघांनीही माझं कौतुक केलं. पुढे किल्ली अडू लागली आणि वाट्याला शिव्या आल्या. मला फार वाईट वाटे.

दिवस मावळला की सुतारदादा हातपाय धुवून दार आतून लोटून घेत. मी बाहेर कडीला उघडंच लटकत असे. फटीतून दिसे ते एवढंच, की दादा आणि वहिनी डोकी झाकून सतरंजीवर बसलेत आणि हळू आवाजात काहीतरी म्हणताहेत. ते त्याला रहिरास म्हणत. रास म्हणजे पैशांचीच असणार, म्हणून माझ्या मनात पाल चुकचुकलीच. शेवटी उभं राहून बोलताना तर रोज 'सरबत' ऐकू येई, पण पेले कधी वाजत नसत. कुठेतरी पाणी मुरत होतं खास.

त्या दिवसांत रंगारी खोकल्याने बेजार होता, काम होत नव्हतं. एका संध्याकाळी विसरलेली पिशवी न्यायला तो परतला आणि दाराला कान लावून उभा राहिला. आतून आधी त्याचं नाव आलं, मग सरबत. आपल्याला भागीदारीतून काढायचा बेत शिजतोय, असं त्याने धरलं. मलाही ते पटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकान स्वतःच्या ताब्यात घ्यायला तो नवं कुलूप घेऊन आला. मला काढत असतानाच वहिनींनी दार उघडलं.

"भावोजी, बाहेर का उभे?"

"माझ्या नावाने कसलं सरबत चाललंय, ते बघतोय."

वहिनींना उलगडायला वेळ लागला. "अहो, आमच्या प्रार्थनेत सरबत म्हणजे सगळे. दिवस पार पडला म्हणून देवाचे आभार मानतो, आणि शेवटी सगळ्यांचं भलं मागतो. तुमचा खोकला जाईना, म्हणून तुमचं नाव आधी घेतो."

रंगारी नवं कुलूप पाठीमागे लपवू लागला. तेवढ्यात आतून आलेल्या दादांना त्याच्या हातातलं कुलूप दिसलं.

"नवं आणलंत? बरं केलंत. जुन्याची किल्ली अडते. एक किल्ली तुमच्याकडेच ठेवा."

तेव्हापासून मी खिळ्यांच्या डब्यात आहे. मित्रांनो, जुन्या कुलपांना अधूनमधून तेल द्या. आणि बंद दाराआड तुमचं नाव ऐकू आलं, तर आधी दार वाजवा. आत कुणीतरी तुमच्यासाठी काही मागत असेल.