शेख वहबांचा होकार

मर्वहून कूफ्याला पोचेपर्यंत हुमामचा उंट मेला, जोडे फाटले आणि सोबतचा मावसभाऊ निशापूरला लग्न करून तिथेच राहिला. हुमामची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. त्याला एक हदीस, पैगंबरांचं एक वचन, ऐकायची होती. तशी ती त्याला लहानपणापासून पाठ होती, पण अनेक तोंडांतून फिरून आलेली. शेख वहबांनी ती थेट मोठ्या गुरूंकडून ऐकली होती आणि तसा ऐकणारा जगात आता हा एकच माणूस उरला होता. त्यांच्याकडून ऐकली की मधली तोंडं गळून पडणार होती आणि मर्वच्या मशिदीत हुमामला शिकवायला बसता येणार होतं.

शेख पडवीत चटईवर बसले होते. डोळे गेलेले, दात गेलेले.

"बाबा फारसं बोलत नाहीत आता," त्यांची मुलगी लुबाबा मसूर निवडत म्हणाली. "तुम्ही वाचा, ते मान हलवतील."

हे नियमात बसत होतं. शिष्याने वाचावं, गुरूने मान डोलवावी, की ते गुरूच्या तोंडून ऐकल्यासारखंच धरतात. हुमामने वाचलं. शेखांनी मान हलवली. मग हुमामच्या मनात पाल चुकचुकली.

"बाई, त्यांना ऐकू येतं ना?"

लुबाबाने सूप खाली ठेवलं. "बाबा, या पाहुण्याला विहिरीत ढकलू का?"

शेखांनी प्रसन्नपणे मान हलवली.

"आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?"

"तुम्ही आत्ता विचारताय. बसऱ्याहून आलेले दोघं अशीच मान बघून खुशीत परत गेले. तुम्हीही 'ऐकली' म्हणा, भाऊ. मर्वहून कोण येतंय खात्री करायला?"

"मी आलोय ना."

तो शेखांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला. शेखांनी मान हलवली. दुसऱ्या कानाशी ओरडला. शेजारीण भिंतीवरून म्हणाली, "कोण गेलं गं?" त्याने शेखांच्या तळहातावर बोटाने अक्षरं गिरवली, तर शेखांना गुदगुल्या झाल्या. शेवटी हुमाम त्यांचा हात कपाळाला लावून लहान पोरासारखा रडला.

शेखांनी हात चाचपला. ओला लागला.

"लुबाबा," ते स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणाले, "छप्पर गळतंय बघ."

थेट ऐकलेलं, मधे एकही तोंड नाही, असं हुमामच्या पदरात एवढंच पडलं. ते घेऊन तो मर्वच्या वाटेला लागला.